खिशातली दुर्बीण : ८×२५, १०×२५ की सरळ ८×४२? घाटावर चार नग शेजारी लावून बघितले (लांबडं आहे, चहा घेऊन बसा)

घाटावरचा_बगळा (सांगली)
रविवार, रात्री ९:४०

मंडळी, महिनाभर डोक्यात किडा वळवळत होता की ह्या खिशात मावणाऱ्या दुर्बिणी खरंच कितपत दाखवतात, कारण जो तो सांगतो की छोटी म्हणजे खेळणं आणि दुसरा सांगतो की मोठी म्हणजे गळ्यात धोंडा, म्हणून म्हटलं आपणच बघू. घरात दोन होत्या, एक मित्राकडून मागून आणली आणि मामांची मोठी त्यांना न सांगता उचलली (ते हा धागा वाचत नाहीत अशी आशा). आज सकाळी ११ ला आणि परत संध्याकाळी साडेपाचपासून पार अंधार होईपर्यंत कृष्णेच्या घाटावर बसलो. समोर सांगलवाडीचा काठ, डाव्या-उजव्या अंगाला पूल, झाडं, वायरी, पक्षी, सगळं आयतं मिळतं.

ब्रँड सांगणार नाही. माझ्याकडं प्रत्येकी एकच नग आहे आणि एका नगावरून कंपनीला नावं ठेवणं बरोबर नाही. टोपणनावं अशी (आकड्यांत पहिला म्हणजे किती पट मोठं दिसतं, दुसरा म्हणजे पुढच्या काचेचा व्यास मिमीत) :

जत्रेतली – फिरायला गेलो तिथं रस्त्यावर ९०० ला घेतलेली, वर ठसठशीत '३०×६०' आणि 'डे नाइट', पुढची काच लालभडक. हिरवी – ८×२५, रिव्हर्स पोरो, म्हणजे पुढच्या काचा जवळजवळ आणि डोळ्याच्या लांब असतात ती बसकी ठेवण. काळी – १०×२५, रूफ प्रिझम (प्रिझम म्हणजे आतलं उलटं चित्र सुलट करणारी काच, रूफवाल्यात नळ्या सरळ असतात), दोन बिजागऱ्यांची, घडी घातली की शर्टाच्या खिशात जाते. मामांची – ८×४२, ६५० ग्रॅम, गळ्यात घातली की ती आहे हे विसरता येत नाही.

आधी जत्रेतलीचा निकाल लावतो. दोन घरगुती चाचण्या केल्या, तुम्हीपण करा. पहिली, एक डोळा दुर्बिणीला आणि दुसरा उघडा ठेवून समोरच्या कंपाउंडच्या गजांकडं बघायचं. दोन चित्रं एकावर एक दिसतात, मग दुर्बिणीतल्या दोन गजांमधल्या एका फटीत उघड्या डोळ्याच्या किती फटी बसतात ते मोजायचं. तीसची बढाई मारणाऱ्या पोरीत आठच बसल्या. दुसरी, दुर्बीण लांबच्या वस्तूवर फोकस करून मोबाइलची टॉर्च डोळ्याच्या बाजूनं वीतभर मागं धरायची आणि पुढच्या काचेला कागद टेकवून त्यावर पडणारा उजेडाचा गोल पट्टीनं मोजायचा. जेवढा गोल तेवढीच काच खरी कामाला येते. साठ सोडा, गोल २० मिमीचा! म्हणजे ३०×६० नाही, ८×२० झाली. लाल काचेनं लाल उजेड परत फेकला जातो म्हणून आतून सगळं निळंहिरवं, समोर कुणीतरी वाळत घातलेली भगवी लुंगी मातकट दिसत होती.

आता खऱ्या तिघी. सकाळी ११ ला, ऊन पाठीशी, पलीकडच्या काठावरच्या पाटीवरची बारीक अक्षरं वाचायला घेतली. हिरवी आणि मामांची, दोन्हीतून सारखीच वाचता आली. मी तीनदा बदलून बघितलं, विश्वास बसेना. काळी कट्ट्यावर टेकवली की त्या दोघींच्या वर एक ओळ जास्त वाचते पण हातात धरली की दोन ओळी कमी, दहा पटीत हातपण दहा पट थरथरतो. शिवाय काळीतून बघताना डोळा केसभर हलला की चित्र गुल, काळी सावली. हिरवीत जरा दया आहे, मामांचीत तर कसंही बघा.

संध्याकाळी सूर्य समोर. ६ च्या पुढं मावळला, त्याच्या आधी अर्धा तास पाण्यावरून तिरीप येते तेव्हा काळीच्या आत दुधाळ पडदा आला, कुणी काचेवर ताक पुसल्यासारखं. हिरवीत थोडा. मामांचीत कडेला एक चंद्रकोर सोडली तर काही नाही. मग कवड्या धीवर धरला, तो काळापांढरा खंड्या, एका जागी हवेत फडफडून पाण्यात दगडासारखा पडतो तो. नराच्या छातीवर दोन काळे पट्टे, मादीला एकच आणि तोही मध्ये तुटका. म्हटलं हे मोजता येणं म्हणजे परीक्षा. सव्वासहाला काळी नापास, एक की दोन कळेना. साडेसहाच्या आसपास हिरवी नापास. मामांची पावणेसात पर्यंत मोजत होती, मग पक्षीच गेला.

माझं मत, दिवसा फिरणाऱ्यानं ८×२५ घ्यावी, १०×२५ च्या वाटेला जाऊ नये, आणि सकाळ-संध्याकाळचा उजेड ज्याला लागतो त्यानं वजनाची तक्रार करू नये.

—

कंदीपेढा (सातारा)
रविवार, रात्री १०:०२

भगव्या लुंगीवाल्याला कळवलंय का की त्याच्यावर शास्त्रीय संशोधन झालं 😄

बाकी लेख एक नंबर. ती ३०×६० आमच्याकडंपण आहे, पोरानं दोन दिवसांत फोडली, आत बघितलं तर अर्धा भाग पोकळ प्लॅस्टिक. दिखाऊ माल सगळा.

—

अजिंक्यतारा_सकाळी (सातारा)
रविवार, रात्री १०:३१

वजनाचं मात्र हलक्यात घेताय दादा. मी रोज अजिंक्यतारा चढतो. २०१९ ला हौसेनं ८×४२ घेतली, चार रविवार नेली, पाचव्या रविवारी दारामागच्या खिळ्याला अडकली ती अजून तिथंच, आता तिच्यावर छत्री लटकते. मग ८×२५ घेतली ती विंडचीटरच्या खिशात कायम. वरून सज्जनगड, यवतेश्वर, जरंडेश्वर, तिकडं चंदन-वंदन, निवांत फिरवत बसतो. सज्जनगडाच्या पायऱ्यांवर माणसं आहेत की नाहीत हे थंडीतल्या स्वच्छ हवेत कळतं, एप्रिलमध्ये कुठलीही दुर्बीण घ्या, हवाच थरथरते आणि धुरळा, त्यात ४२ वाली काय नि २५ वाली काय, सगळ्या सारख्याच आंधळ्या.

हिरवीचं क्षेत्र, म्हणजे एका नजरेत किती रुंद दिसतं ते, किती अंशाचं ते लिहिलं नाहीत. मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. माझी आधीची १०×२५ होती ५ अंशाची, घार दिसायची उघड्या डोळ्यानं, दुर्बीण लावली की नुसतं आभाळ, शोधेपर्यंत घार कोरेगावला.

—

घाटावरचा_बगळा
रविवार, रात्री १०:४८

राहिलंच ते. हिरवी ६.३ अंश, काळी ५.२, मामांची ७.५. एक अंश म्हणजे हजार मीटरवर साडेसतरा मीटर, त्या हिशोबानं हिरवीत ११० मीटर रुंदीचं दिसतं आणि काळीत ९१. छोट्यांमध्येपण रुंद असतात, निकॉनची स्पोर्टस्टार ८×२५ आहे ती ८.२ अंशाची, झाइसची व्हिक्टरी पॉकेट हजार मीटरला १३० मीटर दाखवते, पण तिची किंमत बघून मी लॅपटॉप बंद केला.

घार कोरेगावला 😂

—

चष्मेवाली (विश्रामबाग)
सोमवार, सकाळी ८:१५

एक प्रश्न, तुम्ही चौघी (दुर्बिणी) चष्मा लावून बघितल्या का काढून? कारण सगळे परीक्षण लिहिणारे चष्मा नसलेलेच असतात असा माझा अनुभव आहे. मला दोन्ही डोळ्यांना नंबर आहे आणि सिलिंड्रिकलपण आहे, त्यामुळं नुसता फोकस फिरवून भागत नाही, चष्मा ठेवावाच लागतो. एका दुकानात गेले होते (नाव नको), त्यांनी खिशातली काढून दिली, चष्म्यावरून बघितलं तर किल्लीच्या भोकातून बघितल्यासारखं, आणि दुकानदार म्हणतो मॅडम सवय होईल. कशाची सवय, किल्लीच्या भोकाची?

घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की डोळा मागच्या काचेपासून किती लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं त्याला आय रिलीफ म्हणतात आणि चष्मेवाल्यांना तो निदान १५ मिमी तरी पाहिजे, त्या दुकानातलीचा १० होता. ही गोष्ट डब्यावर सगळ्यात बारीक अक्षरात का छापतात?

—

घाटावरचा_बगळा
सोमवार, सकाळी ८:४०

ताई, पकडलंत. मला चष्मा नाही. बायकोला आहे, तिला आज संध्याकाळी बसवतो आणि लिहितो.

—

निवृत्त_मास्तर (मिरज)
सोमवार, सकाळी ११:२०

आयुष्यभर मुलांना भिंग आणि आरसे शिकवले म्हणून थोडं बोलतो, कंटाळा आला तर खाली सरका.

बगळेराव, ११ वाजता छोटी आणि मोठी सारखीच वाचत होती यात नवल नाही. निरोगी डोळा साधारण एक कला (अंशाचा साठावा भाग), म्हणजे ६० विकला एवढं बारीक वेगळं करतो. आठ पट दुर्बीण लावली की ६० भागिले ८, साडेसात विकला. आता २५ मिमीची चांगली काच स्वतः किती बारीक दाखवू शकते? डॉजचा नियम आहे, ११६ भागिले मिमी, म्हणजे ४.६ विकला. म्हणजे काच तुमच्या डोळ्याच्या पुढं आहे, अडतोय तो डोळा आणि हात. ४२ ची काच आणखी बारीक दाखवेल पण ते घ्यायला डोळा कुठं आहे.

संध्याकाळचं गणित वेगळं. दुर्बीण हातभर लांब धरून आभाळाकडं करा, मागच्या काचेत उजेडाचा एक गोल टिकला दिसेल. तो एक्झिट प्युपिल. मिमीला पटीनं भागलं की त्याचा व्यास : हिरवीचा ३.१, काळीचा २.५, मामांचीचा ५.२५. उन्हात आपल्या डोळ्याची बाहुली अडीच-तीनचीच असते, मोठा टिकला वाया जातो. तिन्हीसांजेला बाहुली समजा ५ ची झाली तर हिरवी तिच्यातून जेमतेम ४० टक्के क्षेत्र भरते आणि काळी पाव. म्हणून ती आधी गेली. आणि डोळा हलला की सावली, तेही ह्याच टिकल्यामुळं, अडीच मिमीच्या टिकल्यावर अडीच मिमीची बाहुली बसवायची म्हणजे सुईत दोरा.

एक कडू गोष्ट. वय वाढलं की बाहुली पूर्वीसारखी उघडत नाही. तरुणाची अंधारात ७ पर्यंत जाते, माझ्या वयात ५ ला पोचली तरी नशीब. त्यामुळं म्हाताऱ्यानं ७×५० घेऊन मिरवणं म्हणजे हंडाभर पाणी आणि ओतायला अरुंद नरसाळं.

—

कंदीपेढा
सोमवार, दुपारी १२:०५

सर, शाळेत असं शिकवलं असतंत तर मी दुर्बीण विकत घेतली असती, आत्ता पेढे विकतोय.

—

वाई_घाटवाट
सोमवार, दुपारी १:१०

जरा विरोधात बोलतो. बगळेदादा तुमची काळी स्वस्तातली रूफ असणार, तिच्यावरून सगळ्या १०×२५ ला झोडपणं बरोबर नाही. रूफ प्रिझममध्ये उजेड शेवटी छपरासारख्या दोन उतारांवर दुभंगतो आणि परत जुळतो, जुळताना दोन्ही भागांच्या लाटांचा मेळ बसत नाही म्हणून बारीक तपशील फिका पडतो. त्यावर फेज कोटिंग लागतं, झाइसनं १९८८ मध्ये ते पहिल्यांदा आणलं. शिवाय ह्या प्रिझमच्या एका पृष्ठावर आरशाचा मुलामा द्यावाच लागतो, स्वस्तात ॲल्युमिनियम, मग चांदी, मग डायइलेक्ट्रिक. हे सगळं करायचं म्हणजे पैसा. पोरोला ह्यातलं काहीच लागत नाही, १८५४ च्या पेटंटपासून तीच साधी युक्ती, काचेतल्या काचेत पूर्ण परावर्तन. म्हणून तीन-चार हजारात पोरो रूफला हरवणारच. तुम्ही पटीची तुलना केली नाही, प्रिझमची केलीत.

—

घाटावरचा_बगळा
सोमवार, दुपारी २:३०

पन्नास टक्के मान्य. फिकेपणा आणि तो ताकाचा पडदा, हे त्या नगाचं पाप असू शकतं. पण २.५ चा टिकला, हाताची थरथर आणि अरुंद क्षेत्र हे लाख रुपये दिले तरी १०×२५ ला सोडत नाहीत (क्षेत्र थोडं वाढेल फार तर). काळीवर फेज कोटिंगबद्दल एक अक्षर छापलेलं नाही हे खरं. नुसतं 'कोटेड ऑप्टिक्स' आहे. ते तर काहीपण असू शकतं, एका भिंगाच्या एका बाजूला मुलामा दिला तरी कोटेडच की. मुलामा नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावर ४ टक्के उजेड परत जातो आणि आत पृष्ठं दहा-बारा, करा हिशोब. 'फुली मल्टिकोटेड' हे दोन्ही शब्द असतील तरच काहीतरी अर्थ.

—

पठारवेडी (सातारा)
सोमवार, दुपारी ४:४५

सगळे लांबचंच बघताय! कासला माझा उलटा प्रॉब्लेम असतो. फुलं पायाशी, पण वाट सोडून आत जायचं नाही, आणि जाऊही नये, लोक सेल्फीसाठी जे तुडवतात ते बघून हात शिवशिवतात. सीतेची आसवं कीटकभक्षी आहेत हे सगळ्या गाइडना सांगता येतं पण फूल एवढंसं, वाकून वाकून कंबर जाते. मी पेंटॅक्सची पॅपिलिओ ६.५×२१ वापरते, ती अर्ध्या मीटरवर फोकस होते. अर्धा मीटर! उभ्या उभ्या गेंदाच्या एका बोंडावरचा मुंगळा मिशा साफ करताना दिसतो. मामांची मोठी दोन-तीन मीटरच्या आत काय बघूच शकणार नाही बहुतेक. लांबचं बघायला ती साधारण आहे, २१ ची काच, संध्याकाळी बंदच. पण सप्टेंबरात कासला संध्याकाळी कोण थांबतंय, धुकं आणि पाऊस.

पावसावरून आठवलं, ती वॉटरप्रूफ नाही. माझ्या पहिल्या दुर्बिणीला एका पावसाळ्यात बुरशी लागली, काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे, ते कशानं निघत नाहीत. आता जून ते सप्टेंबर सिलिका जेलच्या पुड्या टाकून झाकणाच्या डब्यात. चामडी पाकिटात अजिबात ठेवू नका, ओल धरतं.

—

मळीरान (भिलवडी)
सोमवार, रात्री ८:२०

आमच्यासारख्याला काय घ्यावं ते कोण सांगंना. मी शेतकरी हाय, पक्षीबिक्षी नाय बघत. ऊस नदीकडंच्या मळीत हाय, मोटर नदीवर. तुम्हाला म्हाईत हाय आमच्याकडं नदीला मगरी किती झाल्यात. सकाळी सहाला मोटर चालू कराय उतरायचं म्हणजे पोटात गोळा येतुय. बांधावरनं दीडशे-दोनशे मीटर लांबनं काठ बगून घ्यावा एवढंच काम हाय. बजेट चार-पाच हजार. पोरगं म्हणतंय खिशातली घ्या पप्पा.

—

अजिंक्यतारा_सकाळी
सोमवार, रात्री ८:५५

दादा, मी छोटीचा वकील आहे तरी तुम्हाला छोटी सांगणार नाही. सहाला उजेडच नसतो. खांद्यावर घेऊन डोंगर चढायचा नाहीये तुम्हाला, बांधापर्यंतच जायचंय, मग वजनाचा प्रश्न कुठं. ८×४२ पोरो बघा, रूफ नको, ह्या बजेटात पोरोच.

—

निवृत्त_मास्तर
सोमवार, रात्री ९:१०

आणि दुर्बिणीत मगर दिसली नाही म्हणजे मगर नाही असं समजू नका. पाण्यात असते तेव्हा नाकपुड्या आणि डोळेच वर. थंडीत ती ऊन खायला काठावर येते ती ऊन चढल्यावर, तेव्हा कुठल्याही दुर्बिणीतून दिसेल. सहाची वेळच बदलता आली तर बघा.

—

मळीरान
सोमवार, रात्री ९:२२

लाईट आमच्या हातात नाय सर, असती तवा मोटर.

—

घाटावरचा_बगळा
मंगळवार, रात्री १०:१५

आधी चष्मेवाली ताईंचं. बायकोला घाटावर बसवलं. हिरवी, डोळ्याजवळचं रबर दुमडून, तिला साधारण दोन तृतीयांश चित्र दिसतं म्हणाली. काळी, किल्लीचं भोक (तुमचाच शब्द तिनं न वाचता वापरला). मामांची पूर्ण. त्यामुळं चष्मा असेल तर माझा ८×२५ चा सल्ला तुम्हाला लागू नाही, १५ च्या वरचा आय रिलीफ शोधा, ८×३० किंवा ८×३२ मध्ये सापडेल, वजन साडेचारशे-पाचशे ग्रॅम. आणि बायकोनं आणखी एक पकडलं जे मला महिनाभर कळलं नव्हतं, हिरवीचा उजव्या डोळ्याचा डायॉप्टर मी कधी लावलाच नव्हता. आधी उजवा झाकून मधल्या चाकानं डावा डोळा स्वच्छ करायचा, मग डावा झाकून नुसती उजव्या डोळ्याची कडी फिरवायची. लावल्यावर हिरवी आणखी सुधारली. परवाचे सगळे निकाल थोडे हिरवीवर अन्याय करणारे आहेत, लाज वाटतेय पण लिहितो.

मळीरान दादा, भिलवडी लांब नाही. शनिवारी येतो हिरवी आणि मामांची घेऊन, तुमच्या बांधावरनंच बघू.

—

कंदीपेढा
मंगळवार, रात्री १०:३०

मामांना कळलं का अजून?

—

घाटावरचा_बगळा
मंगळवार, रात्री १०:३३

नाही. शांत रहा.

—

मळीरान
शनिवार, सकाळी ११:०५

बगळेदादा आत्ताच च्या पिऊन गेलं. सांगतो काय झालं. सहाला बांधावर गेलो, धुकं थोडं. मोटरीच्या खालच्या अंगाला काठाला एक लांबडं काळं पडलेलं. मी म्हटलं वंडका हाय, पुरात आलेला, मागच्या आठवड्यातबी तितंच हुता. हिरवीतनं बगितलं, वंडकाच. दादांनी बगितलं, तेबी म्हणाले काय कळंना. मग मामांची लावली. तर वंडक्याच्या मागच्या टोकाला करवतीसारखं दात, शेपटीपतुर रांग. दोघंबी गप्प. कोण हाललं नाय, तेबी नाय.

साडेसहाला उजेड आला तवा हिरवीतनंबी दात दिसाय लागलं. मग सरकली पाण्यात, आवाजसुदा नाय.

८×४२ पोरो सांगितलीया पोराला मागवाय. मोटर आज धाला चालू केली, लाईट तवापतुर टिकली.